न्याय म्हणजे वाटणी की बरोबरी?

सामाजिक आणि राजकीय तत्त्वज्ञान एका जुन्या प्रश्नाभोवती उभे आहे. माणसांनी एकत्र राहायचे, तर कोणत्या नियमांनी? आणि ज्याला ते नियम जाचतात, त्याने ते का पाळायचे? राज्यशास्त्र निवडणुका, पक्ष आणि सरकारे प्रत्यक्षात कशी चालतात ते तपासते. तत्त्वज्ञान त्याच्या मागच्या गृहीतांना हात घालते. आरक्षणामुळे कोणत्या समाजघटकाला किती जागा मिळाल्या, हे आकडेवारी सांगू शकते. पण आरक्षण ही गरिबीवरची मदत आहे, जुन्या अन्यायाची भरपाई आहे, की सत्तेतला हक्काचा वाटा आहे, हे आकड्यांतून निघत नाही. या तीन उत्तरांतून तीन वेगळी धोरणे निघतात. क्रिमी लेयरवरच्या, म्हणजे सधनांना आरक्षणातून वगळण्यावरच्या, वादात दोन्ही बाजू बहुतेक वेळा टक्केवारीवर भांडत असतात. खरा मतभेद या उत्तरांबद्दलचा असतो.

विसाव्या शतकाच्या मध्याला हा विषय आटोपल्यासारखा दिसत होता. गणित-तर्कशास्त्रातली आणि अनुभवाने पडताळता येणारी विधाने सोडली, तर बाकीच्या बोलण्याला अर्थच नसतो, असे तार्किक प्रत्यक्षार्थवादी म्हणत. ए. जे. एअर यांनी १९३६ साली हा विचार इंग्रजी वाचकांपर्यंत पोहोचवला. त्या हिशेबाने ‘गुलामगिरी अन्यायाची आहे’ हे वाक्य खरेही नाही आणि खोटेही नाही. बोलणाऱ्याची नापसंती तेवढी त्यातून कळते. १९५६ मध्ये केंब्रिजचे इतिहासकार पीटर लॅस्लेट यांनी तर राजकीय तत्त्वज्ञान तूर्तास मेले आहे, असेच लिहून टाकले. हे निदान घाईचे होते. नाझींच्या तावडीतून निसटलेल्या हॅना आरेन्ट यांचा सर्वंकष राजवटींवरचा ग्रंथ १९५१ मध्येच आला होता. १९५८ मध्ये आयझाया बर्लिन यांनी ऑक्सफर्डमधल्या व्याख्यानात स्वातंत्र्याचे दोन अर्थ वेगळे करून दाखवले: आपल्या वाटेत कोणी आडवे न येणे हा एक, आणि आपल्या आयुष्याची सूत्रे आपल्या हाती असणे हा दुसरा. तरीही न्याय म्हणजे काय, याचा संपूर्ण सिद्धांत मांडायला कोणी धजत नव्हते.

ते काम जॉन रॉल्स यांनी केले. रॉल्स १९२१ मध्ये बॉल्टिमोरमधल्या एका सुस्थितीतल्या वकिलाच्या घरी जन्मले. लहानपणी त्यांच्याकडून आजाराची लागण होऊन त्यांचे दोन धाकटे भाऊ लागोपाठ गेले, एक घटसर्पाने आणि दुसरा न्यूमोनियाने. दुसऱ्या महायुद्धात ते पॅसिफिक आघाडीवर पायदळात होते आणि युद्धानंतर बेचिराख झालेल्या हिरोशिमातून गेले होते. चरित्रातून सिद्धांत काढणे धोक्याचे असते. पण कोणाच्या वाट्याला काय आले यात योग्यतेपेक्षा योगायोगाचा हात मोठा असतो, ही जाणीव त्यांच्या लिखाणात सतत आढळते. १९७१ मध्ये त्यांचा ‘अ थिअरी ऑफ जस्टिस’ हा सुमारे सहाशे पानांचा ग्रंथ आला. त्यानंतरच्या अर्धशतकातले या विषयावरचे बहुतेक गंभीर लेखन त्याच्या बाजूने, त्याच्याविरुद्ध किंवा त्याने काय वगळले हे दाखवण्यासाठी झाले आहे.

रॉल्स यांचा मुख्य प्रतिस्पर्धी होता उपयुक्ततावाद: समाजातल्या सुखाची एकूण बेरीज जास्तीत जास्त करणारी व्यवस्था चांगली, असे मानणारा विचार. धरण बांधायचे की नाही हे खर्च आणि फायदा मांडून ठरवणारे सरकार याच विचाराने चालते. रॉल्स यांचा आक्षेप साधा आणि जबर आहे. बेरीज वाढवताना काही माणसे चिरडली गेली, तरी बेरजेला त्याचा पत्ता लागत नाही. माणसे वेगवेगळी असतात. एकाच्या दुःखाची भरपाई दुसऱ्याच्या सुखाने होत नाही.

मग योग्य नियम शोधायचे कसे? त्यासाठी रॉल्स एक कल्पना करायला सांगतात. समाजाचे मूलभूत नियम ठरवायला काही माणसे एकत्र बसली आहेत, पण त्यांच्या डोळ्यांवर अज्ञानाचा पडदा आहे. समाज कसा चालतो, अर्थव्यवस्था कशी असते, हे त्यांना सर्वसाधारणपणे माहीत आहे. आपण स्वतः श्रीमंत आहोत की गरीब, हुशार की मंद, धडधाकट की आजारी, कोणत्या धर्माचे, कोणत्या वंशाचे, हे मात्र त्यांना ठाऊक नाही. पडदा उठल्यावर आपण तळाशीही असू शकतो, हे प्रत्येकाला कळते. म्हणून कोणीही आपल्या फायद्याचा नियम बनवू शकत नाही.

तीन काल्पनिक समाज घेतले, तर याचा परिणाम नेमका दिसतो. प्रत्येकात खालचा, मधला आणि वरचा असे सारख्या संख्येचे तीन गट आहेत. पहिल्यात तिघांनाही दरमहा २० हजार रुपये मिळतात. दुसऱ्यात खालच्याला २५, मधल्याला ४० आणि वरच्याला ७० हजार मिळतात. तिसऱ्यात हेच आकडे १५, ६० आणि १५० हजार आहेत. कट्टर समतावादी पहिला समाज निवडेल. बेरजेवर जाणारा तिसरा निवडेल, कारण तिथे एकूण २२५ हजार होतात. रॉल्स यांच्या मते पडद्यामागची माणसे दुसरा निवडतील, कारण तळाच्या माणसाची स्थिती तिथे सर्वांत चांगली आहे. विषमतेला रॉल्स यांची मुळातूनच मनाई नाही. तळाशी असलेल्याला तिचा जास्तीत जास्त फायदा झाला पाहिजे, ही अट आहे. यालाच ते भेदतत्त्व म्हणतात. त्याच्याही आधी दोन गोष्टी येतात. विचार, धर्म, मतदान यांसारखी मूलभूत स्वातंत्र्ये सर्वांना समान असली पाहिजेत आणि पैशाच्या बदल्यात ती काढून घेता येत नाहीत. तसेच पदे आणि नोकऱ्या नुसत्या कागदोपत्री खुल्या असून भागत नाही; सारख्या गुणांच्या मुलांना, मग ती कोणत्याही घरात जन्मलेली असोत, तिथपर्यंत पोहोचण्याची सारखी संधी हवी.

गुणवत्तेचे काय, हा प्रश्न इथे येतोच. रॉल्स यांचे उत्तर आजही अनेकांना झोंबते. बुद्धी, आवाज, उंची, इतकेच काय पण कष्ट करण्याची वृत्तीसुद्धा बऱ्याच अंशी जन्म आणि संगोपनाच्या योगायोगातून येते. ती मिळवल्याचे श्रेय कोणाला नाही. म्हणून तिच्या जोरावर मिळालेल्या सगळ्या फळांवर एकट्याचा नैतिक हक्क सांगता येत नाही.

रॉल्स यांच्याप्रमाणेच हार्वर्डमध्ये शिकवणाऱ्या रॉबर्ट नॉझिक यांना हे मुळीच पटले नाही. त्यांचा ‘अनार्की, स्टेट अँड युटोपिया’ हा ग्रंथ १९७४ मध्ये आला. त्यातला युक्तिवाद बास्केटबॉलपटू विल्ट चेंबरलेन यांच्या नावाने प्रसिद्ध आहे. पैशाची जी वाटणी न्यायाची वाटते, ती आधी करून घ्यावी, असे नॉझिक सांगतात. आता चेंबरलेन यांनी संघाशी करार केला, की प्रत्येक तिकिटामागे २५ सेंट आपल्याला मिळावेत. प्रेक्षक दारात येतात आणि चेंबरलेन यांचे नाव लिहिलेल्या वेगळ्या पेटीत खुशीने २५ सेंट टाकतात. हंगामात दहा लाख लोक सामने पाहतात. चेंबरलेन यांच्याकडे अडीच लाख डॉलर जमतात. मूळची वाटणी मोडली, पण अन्याय कुठे झाला? ती वाटणी टिकवायची, तर राज्याला लोकांच्या व्यवहारांत सतत ढवळाढवळ करावी लागेल. नॉझिक यांच्या मते कमाईवरचा कर सक्तीच्या मजुरीच्या जातीचा आहे, आणि पोलीस, न्यायालये व संरक्षण यापलीकडे जाणारे राज्य हक्कांचा भंग करते.

हा युक्तिवाद चतुर आहे, पण त्याचा पाया मालमत्ता मुळात रास्त मार्गाने मिळाली आहे या गृहीतावर आहे. जी जमीन मूळ रहिवाशांकडून हिसकावली, जी संपत्ती गुलामांच्या श्रमातून उभी राहिली, तिचे काय? अशा अन्यायांचे निवारण झाले पाहिजे, हे नॉझिक स्वतः मान्य करतात. पण कसे, यावर ते फार थोडे बोलतात. इतिहास आठवला की त्यांचे किमान राज्य उभे राहण्यापूर्वी फार मोठी फेरवाटणी करावी लागेल.

१९८० च्या दशकात दुसऱ्या बाजूनेही टीका झाली. मायकेल सँडेल आणि अॅलस्डेअर मॅकिन्टायर यांनी अज्ञानाच्या पडद्यामागच्या माणसावरच आक्षेप घेतला: घर, भाषा, परंपरा, श्रद्धा सगळे वजा केल्यावर निवड करायला उरते कोण? मायकेल वॉल्झर यांनी १९८३ मध्ये अधिक उपयोगी मुद्दा मांडला. प्रत्येक गोष्टीच्या वाटपाचे तिचे स्वतःचे तत्त्व असते. रुग्णालयातली खाट गरजेप्रमाणे मिळावी, पदवी अभ्यासाप्रमाणे, आणि मोटार पैशाप्रमाणे. पैसा पदवी, निकाल आणि उमेदवारीही विकत घेऊ लागला, की अन्याय सुरू होतो. भारतातल्या वाचकाला याची उदाहरणे शोधायला लांब जावे लागणार नाही.

अमर्त्य सेन यांनी १९७९ मध्ये स्टॅनफर्डमधल्या व्याख्यानात विचारले: समता, पण कशाची? सारखाच पैसा हातात असला, तरी चाकाच्या खुर्चीत बसलेल्या माणसाला त्यातून इतरांइतके हिंडता-फिरता येत नाही. म्हणून कोणाकडे काय आहे यापेक्षा कोणाला काय करता येते आणि काय होता येते, हे मोजले पाहिजे. या ‘क्षमतां’च्या विचारातून पुढे अर्थतज्ज्ञ महबूब-उल-हक यांच्या पुढाकाराने १९९० चा मानव विकास निर्देशांक आकाराला आला. तत्त्वज्ञानातला युक्तिवाद सरकारी तक्त्यांपर्यंत पोहोचल्याचे इतके सरळ उदाहरण क्वचितच सापडते. ‘द आयडिया ऑफ जस्टिस’ या २००९ च्या ग्रंथात सेन यांनी रॉल्सशी आणखी एक भांडण मांडले. तीन मुले एका बासरीवर हक्क सांगतात. एकीला ती वाजवता येते, दुसऱ्याकडे दुसरे खेळणेच नाही, तिसरीने ती स्वतः बनवली आहे. तिघांचेही म्हणणे रास्त आहे, आणि निःपक्षपाती माणसेसुद्धा वेगवेगळा निकाल देतील. तेव्हा आदर्श समाजाच्या एकाच आराखड्याची वाट न पाहता, समोरचे दोन पर्याय ताडून त्यातला कमी अन्यायाचा निवडावा, असे सेन यांचे म्हणणे आहे.

रॉल्स, नॉझिक आणि सेन यांच्यात इतके मतभेद असूनही एक गोष्ट समान आहे. कोणाच्या पदरात काय पडावे, हा त्यांच्या वादाचा मध्यबिंदू आहे. अमेरिकी तत्त्वज्ञ एलिझाबेथ अँडरसन यांनी १९९९ च्या एका गाजलेल्या निबंधात तो मध्यच हलवला. समतेचा हेतू नशिबाच्या फटक्यांची भरपाई करत बसण्याचा नाही, असे त्या म्हणतात. कोणी कोणाच्या पायाशी बसणार नाही, कोणी कोणापुढे मान खाली घालणार नाही, असे संबंध निर्माण करणे हा समतेचा हेतू आहे. अव्हिशाय मार्गालिट यांनी १९९६ मध्ये सभ्य समाजाची कसोटीच अशी सांगितली होती, की त्याच्या संस्था माणसांना अपमानित करत नाहीत.

महाडचे चवदार तळे आठवले, की या मुद्द्याचे वजन कळते. सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले करावेत, हा सीताराम केशव बोले यांचा ठराव मुंबई विधिमंडळाने १९२३ मध्ये मंजूर केला होता. महाड नगरपालिकेनेही तळे खुले केल्याचे जाहीर केले. कागदावर वाटणी झाली होती. तळ्यापर्यंत मात्र कोणाला जाता येत नव्हते. २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली हजारो लोक तळ्यावर गेले आणि पाणी प्यायले. परत जाणाऱ्यांवर हल्ले झाले, सवर्णांनी तळ्याचे ‘शुद्धीकरण’ केले. डिसेंबरमधल्या परिषदेत बाबासाहेबांनी स्वच्छ सांगितले, की हा झगडा पाण्याच्या घोटासाठी नाही. इतरांप्रमाणे आम्हीही माणसे आहोत, हे सिद्ध करण्यासाठी आहे. पाणी दुसरीकडून आणून दिले असते, तरी हा अन्याय मिटला नसता.

आंबेडकर आणि अँडरसन यांच्यात विचारांचे नातेही आहे. बाबासाहेब कोलंबिया विद्यापीठात जॉन ड्युई यांचे विद्यार्थी होते, आणि अँडरसन ड्युई यांच्याच परंपरेत लिहितात. लोकशाही ही शासनपद्धतीच्या आधी एकत्र जगण्याची रीत आहे, हा ड्युई यांचा विचार आंबेडकरांनी १९३६ च्या ‘अॅनिहिलेशन ऑफ कास्ट’मध्ये जातिव्यवस्थेवर लावला. जात ही नुसती श्रमाची विभागणी नसून श्रमिकांची, आणि तीही वरखाली लावलेली, विभागणी आहे, असे त्यांनी दाखवले. अशा उतरंडीत प्रत्येकाला तुच्छ मानायला कोणीतरी खाली सापडतो, म्हणून पिचलेलेही एकत्र येत नाहीत. २५ नोव्हेंबर १९४९ रोजी संविधान सभेत त्यांनी दिलेला इशारा, की राजकारणात समता आणि सामाजिक-आर्थिक जीवनात विषमता हा विरोधाभास लोकशाहीलाच उद्ध्वस्त करील, हा समकालीन राजकीय तत्त्वज्ञानातला अव्वल दर्जाचा विचार आहे. पाश्चात्त्य पाठ्यपुस्तकांनी त्याची दखल उशिरा घेतली, हे त्या पाठ्यपुस्तकांचे नुकसान.

रॉल्स यांच्या ग्रंथातल्या गाळलेल्या जागा इतरांनीही दाखवल्या. सुसान मोलर ओकिन यांनी १९८९ मध्ये विचारले, की पडद्यामागे बसलेली माणसे कुटुंबप्रमुख असतील, तर घराच्या आतले वाटप कोण तपासणार? स्वयंपाक, धुणे, मुले आणि आजारी सासू-सासरे हे सगळे एकीच्याच अंगावर पडत असेल, तर संधीची समानता उंबऱ्याच्या आतच संपते. चार्ल्स मिल्स यांनी १९९७ मध्ये दाखवले, की तत्त्वज्ञांचा ‘सामाजिक करार’ प्रत्यक्षात गोऱ्यांनी आपसात केलेला करार होता. काळ्यांच्या नागरी हक्कांचा लढा ऐन भरात असताना लिहिलेल्या ग्रंथात वंशभेदाला जवळजवळ जागा नाही, ही मिल्स यांची तक्रार खोडून काढणे कठीण आहे.

किंबर्ली क्रेनशॉ यांनी १९८९ मध्ये एका खटल्याकडे लक्ष वेधले. जनरल मोटर्सने १९६४ पूर्वी एकाही काळ्या स्त्रीला नोकरी दिली नव्हती. पुढे मंदीत, शेवटी आलेल्याला आधी काढायचे या नियमाने, १९७० नंतर लागलेल्या सगळ्या काळ्या स्त्रियांची नोकरी गेली. त्यांतल्या पाच जणी न्यायालयात गेल्या. कंपनीने १९६४ पूर्वीही स्त्रियांना नोकरीवर घेतले होते, म्हणून स्त्री-पुरुष भेदभाव नाही, असे न्यायालयाने म्हटले. पण आधी घेतलेल्या त्या स्त्रिया गोऱ्या होत्या. वंशभेदाची तक्रार दुसऱ्या खटल्याला जोडावी, असे सुचवले गेले. दोन्ही मिळून होणारा अन्याय हा वेगळा अन्याय आहे, हे मानायला कायद्याकडे खणच नव्हता. पुण्यात शर्मिला रेगे यांनी १९९८ च्या लेखात दलित स्त्रियांबद्दल हाच पेच मांडला: स्त्रीचळवळ बोलते ती सवर्ण स्त्रीच्या वतीने, आणि दलित चळवळ बोलते ती पुरुषाच्या वतीने.

अन्यायाला नाव नसले, की तो सांगताही येत नाही. मिरांडा फ्रिकर यांनी २००७ मध्ये याला ज्ञानाच्या क्षेत्रातला अन्याय म्हटले. त्याचे दोन प्रकार त्यांनी केले. पहिल्यात बोलणाऱ्याची जात, रंग किंवा लिंग पाहून त्याच्या शब्दाची किंमत कमी केली जाते. दुसऱ्यात अनुभव सांगायला समाजाकडे संकल्पनाच नसते. १९७५ च्या सुमारास कॉर्नेल विद्यापीठातल्या एका कर्मचारी स्त्रीने एका प्राध्यापकाच्या अंगलटीला कंटाळून नोकरी सोडली. बेकारभत्त्याच्या अर्जात कारण काय लिहावे हे तिला कळेना. तिने वैयक्तिक कारण लिहिले आणि भत्ता नाकारला गेला. तिच्याभोवती जमलेल्या स्त्रियांनी या प्रकाराला लैंगिक छळ हे नाव दिले. भारतात सर्वोच्च न्यायालयाने विशाखा खटल्यात त्यावर मार्गदर्शक तत्त्वे घालून दिली ती १९९७ मध्ये, आणि कायदा झाला २०१३ मध्ये.

गोपाळ गुरू यांनी २००२ मध्ये भारतीय समाजशास्त्रांना असाच आरसा दाखवला. दलितांनी अनुभव पुरवायचा आणि सिद्धांत इतरांनी मांडायचा, ही विद्यापीठांतली वाटणी जातीच्याच नियमाने चालते, असे त्यांचे म्हणणे आहे. अपमानावर त्यांनी संपादित केलेला ग्रंथ २००९ मध्ये आला, आणि अपमान ही भावना नसून राजकीय प्रश्न आहे, ही मांडणी त्याने बळकट केली.

न्यायाची हद्द कुठे संपते, हा वाद देशाच्या सीमेवर येऊन पोहोचतो. १९७१ मध्ये पूर्व बंगालमधून लाखो निर्वासित भारतात येत असताना पीटर सिंगर यांनी एक निबंध लिहिला. उथळ डबक्यात बुडणाऱ्या मुलाला वाचवताना कपडे चिखलाने माखतील म्हणून कोणी थांबत नाही. मग मरणारे मूल दूरच्या देशात असले, तर कर्तव्य कमी कसे होते? थॉमस पोगे यांनी पुढचे पाऊल टाकले: श्रीमंत देश गरिबांना मदत करत नाहीत एवढेच नाही, कर्जाचे, व्यापाराचे आणि पेटंटचे नियम लादून ते त्यांचे नुकसानही करतात. रॉल्स स्वतः १९९९ मध्ये याबाबत बरेच सावध राहिले. भेदतत्त्व देशांच्या सीमा ओलांडत नाही, असे त्यांनी ठरवले. ज्यांनी त्यांच्याकडूनच योगायोगाचा धडा घेतला होता, त्यांची यामुळे निराशा झाली. कारण जन्म कोणत्या देशात व्हावा, याहून मोठा योगायोग दुसरा नाही.

इतके मतभेद असताना निर्णय घ्यायचा कसा? जर्मन तत्त्वज्ञ युर्गेन हाबरमास यांचे उत्तर असे, की ज्यांना नियम लागू होतो, त्या सर्वांनी दडपणाशिवाय चर्चा करून मान्य केलेला नियमच वैध. केवळ मतांची मोजणी पुरेशी नाही. मत बनण्याची प्रक्रियाही सांभाळावी लागते. आयर्लंडने याचा एक प्रयोग केला. २०१२ मध्ये बेळगावहून तिथे गेलेल्या एका तरुण दंतवैद्य स्त्रीला गर्भपात नाकारला गेला आणि गॉलवेच्या रुग्णालयात तिचा मृत्यू झाला; देश ढवळून निघाला. २०१६ मध्ये चिठ्ठ्या टाकल्यासारखे निवडलेले ९९ सामान्य नागरिक आणि अध्यक्ष म्हणून एक न्यायाधीश अशी नागरिकसभा बसली. डॉक्टर, वकील, दोन्ही बाजूंचे कार्यकर्ते यांचे म्हणणे तिने महिनोन्‌महिने ऐकले आणि घटनेतली बंदी उठवण्याची शिफारस केली. मे २०१८ च्या सार्वमतात ६६.४ टक्के मतदारांनी तिला कौल दिला.

पुढच्या एका नागरिकसभेने कुटुंब आणि घरातली शुश्रूषा यांबद्दलच्या घटनेतल्या कलमांत बदल सुचवले. सरकारने मजकूर स्वतःच्या शब्दांत मांडला, आणि मार्च २०२४ च्या सार्वमतात दोन्ही दुरुस्त्या मोठ्या मताधिक्याने पडल्या. सभेच्या खोलीत झालेली चर्चा बाहेरच्या लाखो मतदारांपर्यंत पोहोचवायची कशी, आणि सरकारने त्या शिफारशींना कितपत हात लावावा, यावर लोकशाहीचे अभ्यासक आता वाद घालत आहेत.